कण्यावरून ओघळलेले मेण

मागून कोणी हाक मारली की मी मान वळवत नाही, अख्खा वळतो. ही सवय मला नेमकी कधी लागली हे सांगता येणार नाही, कारण सवय म्हणून ती मला कधी जाणवलीच नाही. ती प्रथम दिसली पत्नीला. "तुम्ही हल्ली कपाटासारखे वळता," असे ती एकदा म्हणाली आणि आम्ही दोघेही हसलो. गाडी मागे घेताना मी केवळ आरशांवर विसंबू लागलो होतो, नाड्यांचे बूट टाळू लागलो होतो, वरच्या फळीवरचे पुस्तक शोधताना मान वर करण्याऐवजी दोन पावले मागे सरकून पाहू लागलो होतो, आणि यांतल्या प्रत्येक तडजोडीला माझ्याकडे स्वतंत्र, पटण्याजोगे कारण होते. या सगळ्यांमागे एकच कारण असेल आणि ते माझ्या मणक्यांच्या पुढच्या अंगाला पांढऱ्या पट्ट्यासारखे चिकटून बसले असेल, हे मला वयाच्या ६१व्या वर्षी, लांबलेल्या खोकल्यासाठी काढलेल्या छातीच्या एक्स-रेमुळे कळले.

खोकला पुढे पंधरा दिवसांत गेला. डॉक्टरांनी बाजूने काढलेली फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली, फुप्फुसे स्वच्छ असल्याचे सांगितले आणि मग त्यांचे बोट मागे सरकत सरकत कण्यावर येऊन थांबले.

"पाठ दुखते का तुमची?"

"फारशी नाही."

"सकाळी आखडते?"

"आखडते, पण ते वयामुळे असेल."

"वयाचा हात त्यात आहेच," ते म्हणाले, "पण हे नुसते वय नाही."

कण्याचे चित्र आपण सर्वांनी शाळेत पाहिलेले असते. एकावर एक रचलेले मणके, त्यांच्यामधल्या फटी आणि त्या फटींत बसवलेल्या गाद्या. माझ्या फिल्ममध्ये हे सारे होते, गाद्यांची उंचीही शाबूत होती. परंतु मणक्यांच्या पुढच्या कडेवरून एक जाड पांढरी रेघ वरून खाली उतरत होती, मणक्याच्या मध्यावर ती थोडी दबत होती आणि दोन मणक्यांमधल्या फटीसमोर आली की फुगून पुढे येत होती. जळत्या मेणबत्तीवरून मेण ओघळावे आणि वाटेतच थिजावे, तशी ती दिसत होती. ही उपमा माझी नाही. क्ष-किरणतज्ज्ञ ती अनेक वर्षे वापरत आले आहेत. पण स्वतःच्या छातीतले थिजलेले मेण पाहिल्यावर ती उपमा उरत नाही, एवढे मात्र मी माझ्या अनुभवाने सांगू शकतो.

आजाराचे नाव डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले: डिफ्यूज इडिओपॅथिक स्केलेटल हायपरोस्टोसिस. आद्याक्षरांनी त्याला 'डिश' म्हणतात, आणि घरी आल्यावर "डॉक्टर डिश म्हणाले" एवढेच सांगितल्यामुळे पत्नीची काही क्षण अशी समजूत झाली की मला पथ्याचा एखादा पदार्थ नेमून दिला आहे. नावाची फोड केली तर हायपरोस्टोसिस म्हणजे हाडाची अतिवाढ, स्केलेटल म्हणजे सांगाड्याची, डिफ्यूज म्हणजे एका जागी न थांबता पसरलेली, आणि इडिओपॅथिक म्हणजे जिचे कारण ठाऊक नाही अशी. चार शब्दांतला एक शब्द निव्वळ कबुलीजबाबाचा आहे. वैद्यकशास्त्राने आपले अज्ञान इतक्या उघडपणे नावातच नोंदवून ठेवावे, याचे मला आधी हसू आले आणि नंतर आदर वाटला.

हे हाड नेमके वाढते कुठे, हे समजून घेण्यासाठी कण्याची बांधणी थोडी पाहावी लागते. मानेचे ७, छातीमागचे १२ आणि कमरेचे ५, असे आपले २४ मणके सुटे, हलणारे असतात. हे सुटे मणके जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम अस्थिबंध करतात. अस्थिबंध म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारे चिवट, तंतुमय पट्टे. त्यांतला एक रुंद पट्टा मणक्यांच्या पुढच्या अंगावरून, कवटीच्या तळापासून थेट कमरेखालच्या त्रिकास्थीपर्यंत उतरतो. आपण मागे वाकतो तेव्हा हाच पट्टा ताणला जातो आणि कण्याला मर्यादेबाहेर मागे जाऊ देत नाही. दुसरा पट्टा मणक्यांच्या मागच्या अंगाला, मज्जारज्जूच्या नळीच्या आत, असाच वरपासून खालपर्यंत जातो. माझ्या आजारात हाड होतो तो मुख्यतः पुढचा पट्टा. आपल्याकडे पाठ दुखू लागली की पहिला संशय गादीवर जातो. 'गादी सरकली', 'गादी झिजली', 'दोन मणक्यांत गॅप पडली' ही वाक्ये घरोघर ऐकू येतात. डिशमध्ये गाद्या बऱ्याच अंशी निर्दोष असतात. त्या बिचाऱ्या आपापल्या जागी लवचिक राहण्याची तयारी ठेवून बसलेल्या असतात आणि बाहेरून त्यांच्या दारावर हाडाचे अडसर पडत जातात.

निदानाची शिस्तही याच गोष्टीवर उभी आहे. डोनाल्ड रेझनिक आणि गेन निवायामा या दोघांनी १९७६ मध्ये जे निकष मांडले, तेच आजही प्रामुख्याने वापरले जातात. ओळीने किमान चार मणक्यांच्या पुढच्या बाजूने वाहत गेलेले हाड दिसले पाहिजे, त्या भागातल्या गाद्यांची उंची टिकून असली पाहिजे, आणि मणक्यांमागचे छोटे सांधे किंवा कमरेच्या तळाशी असलेले सांधे दाहाने जुळून गेलेले असता कामा नयेत. ही शेवटची अट महत्त्वाची आहे, कारण कणा ताठ करणारा दुसरा एक प्रसिद्ध आजार आहे, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. तो बहुधा तरुणपणी सुरू होतो, त्याच्या मुळाशी दाह असतो, रात्री-पहाटे तो रुग्णाला झोपू देत नाही आणि कमरेच्या तळाशी असलेल्या सांध्यांपासून वर चढतो. डिश हा उतारवयातला, पुरुषांत अधिक आढळणारा आणि स्वभावाने शांत आजार आहे. तो कित्येकदा दुखतच नाही. दुसऱ्याच कशासाठी काढलेल्या फिल्मवर तो सापडतो आणि पुष्कळदा तिथेही कुणी त्याच्याकडे फारसे लक्ष देत नाही.

माझ्या फिल्मवरचे मेण उजवीकडे जास्त ओघळले होते, डावीकडे जवळजवळ नव्हते. मी कारण विचारले तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितले, ते या आजाराबद्दल मी ऐकलेल्या सर्व गोष्टींत मला सर्वांत आवडलेले आहे. छातीच्या भागात कण्याच्या डाव्या अंगाला लागून महाधमनी उतरते आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ती फुगते, ओसरते. तिच्या या सततच्या हेलकाव्यामुळे त्या बाजूला हाड धरत नसावे, असे मानले जाते. ज्या मोजक्या माणसांचे अवयव जन्मतः आरशातल्याप्रमाणे उलटे असतात, हृदय उजवीकडे आणि महाधमनीही उजवीकडे, त्यांच्यात हे हाड डावीकडे वाढलेले आढळले आहे. म्हणजे जिथे अखंड हालचाल आहे तिथे हे हाड पाऊल ठेवायला कचरते. त्या दिवसापासून, रात्री उताणा पडलो असताना छातीत ठोका जाणवला की माझ्या मनात येते, कोणीतरी डाव्या बाजूची राखण करत बसले आहे.

या आजाराची ठळक नोंद फ्रान्समधील जाक फॉरेस्तिए आणि बार्सिलोनाचे जाउमे रोतेस-केरोल यांनी १९५० मध्ये केली, म्हणून त्याला अजूनही काही जण फॉरेस्तिएचा आजार म्हणतात. फॉरेस्तिए हे संधिवातावरील सुवर्णक्षारांच्या उपचारांचे प्रवर्तक म्हणून आधीच नावाजलेले होते. शिवाय हे गृहस्थ १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या फ्रान्सच्या रग्बी संघात खेळलेले होते. ताठलेल्या कण्याच्या आजाराला एका रग्बीपटूचे नाव मिळाले, हा योगायोग मला विनाकारण सुखावतो. त्या दोघांनी आजाराला दिलेल्या नावात 'वार्धक्यातला' असा शब्द होता. पुढे तो गळला हे बरे झाले, कारण पन्नाशीच्या आसपासच्या माणसांतही हा आजार दिसू लागला होता, आणि १९७०च्या दशकात रेझनिक यांनी दाखवून दिले की हे प्रकरण कण्यापुरते मर्यादित नाही. जिथे जिथे अस्थिबंध किंवा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, हाडाला येऊन चिकटते, अशा टाच, कोपर, गुडघ्याची वाटी, कमरेच्या हाडाच्या कडा या ठिकाणीही हाडाचे काटे आणि झालरी उगवतात. माझी टाच दहा वर्षांपूर्वी दुखत होती आणि 'टाचेचे हाड वाढले आहे' असे मला तेव्हाच सांगण्यात आले होते. टाचेचे हाड अनेकांचे वाढते, त्यावरून कण्याबद्दल काही अनुमान काढता येत नाही हे खरे. तरीही एखाद्या पत्राचा पहिला परिच्छेद आपण दहा वर्षांपूर्वीच वाचला होता, असे मला वाटत राहते.

नाव नवे असले तरी हा आजार माणसाइतका जुना आहे. इराकमधील शानिदार गुहेत सापडलेल्या एका निअँडरथल पुरुषाच्या हाडांवर याच आजाराच्या खुणा असल्याचे १९९२ मध्ये मांडले गेले. चाळीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा हा माणूस एका हाताने अधू होता, बहुधा एका डोळ्यानेही, आणि तरी तो त्या काळच्या मानाने पुष्कळ जगला. इजिप्तच्या दुसऱ्या रामसेसची गोष्ट तर फारच बोलकी आहे. त्याची ममी १९७६ मध्ये जतनाच्या उपचारांसाठी पॅरिसला नेली होती आणि तेव्हाच्या क्ष-किरण चित्रांवरून त्याला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस असावा असे ठरवले गेले होते. पुढे २००४ मध्ये त्याच चित्रांकडे नव्याने पाहणाऱ्या तज्ज्ञांनी तो आजार नव्हता, डिश असावा, असे म्हटले. सहार सलीम आणि झाही हवास यांनी राजघराण्यातल्या ममींचे सीटी स्कॅन अभ्यासून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा तिसरा अमेनहोतेप, दुसरा रामसेस, मेरेनप्ताह आणि तिसरा रामसेस अशा चौघांत डिश आढळल्याचे सांगितले. म्हणजे रुग्ण मरून तीन हजार वर्षे उलटल्यावर त्याचे निदान बदलले. आपले निदान जिवंतपणी आणि पहिल्याच फटक्यात बरोबर झाले, याबद्दल मी कृतज्ञ असले पाहिजे.

इंग्लंडमधील मर्टन येथल्या मध्ययुगीन मठाच्या दफनभूमीतील सांगाड्यांत हा आजार इतका दिसला की टोनी वॉल्ड्रन यांनी १९८५ मध्ये 'हा एक नवा व्यवसायजन्य आजार समजावा काय?' असा अर्धवट थट्टेचा प्रश्न आपल्या लेखाच्या शीर्षकातच विचारला. व्यवसाय कोणता, तर मठवासीयांचा! भरपेट जेवण, कष्टांची वानवा आणि त्यातून येणारे स्थूलपण, असा त्या तर्काचा रोख होता. थट्टा बाजूला ठेवली तरी त्यातला संशय पुढच्या काळात बळावतच गेला. मधुमेह, वाढलेले वजन, रक्तातले इन्सुलिनचे चढे प्रमाण आणि युरिक अॅसिड यांच्याशी या आजाराचे नाते वारंवार दिसून आले आहे. इन्सुलिन केवळ साखर हाताळत नाही, ते पेशींना वाढीचा निरोपही देते, त्यामुळे हाड घडवणाऱ्या पेशींना त्याचीच चिथावणी मिळत असावी असा अंदाज आहे. 'अ' जीवनसत्त्वापासून बनवलेली काही औषधे मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेणाऱ्यांतही अशीच हाडवाढ आढळली आहे. मला मधुमेह आहे. निदानाच्या वेळी त्याला चौदा वर्षे झाली होती. साखर डोळ्यांना, मूत्रपिंडांना, पायांच्या नसांना झिजवते हे मी ऐकून होतो आणि त्या सर्वांची नियमित तपासणी करून घेत होतो. ती कुठे काही बांधतही असेल, हे मात्र माझ्या गावीही नव्हते.

या 'बांधण्या'पाशी माझे मन बराच काळ अडकून राहिले. आजार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर झीज येते. हाडे ठिसूळ होतात, कूर्चा घासली जाते, नजर मंदावते, स्मरण विरते. म्हातारपणाचा सारा हिशेब आपण वजाबाकीने मांडतो. इथे तर बेरीज चाललेली होती. आणि ही बेरीज ओबडधोबड चुन्याच्या थरासारखी नसते. अस्थिबंधाच्या तंतूंतल्या पेशी आधी कूर्चेसारखा पदार्थ तयार करतात, मग त्याची जागा खरेखुरे, रक्तवाहिन्या असलेले, आत मगज असलेले हाड घेते. आईच्या पोटात असताना आपली लांब हाडे ज्या रीतीने घडली, तीच ही रीत. साठ वर्षे विसरलेली विद्या शरीराला अचानक आठवावी, आणि ती त्याने जिथे कुणीही बोलावलेले नाही अशा जागी जाऊन वापरावी, असा हा प्रकार आहे.

एका उंदराच्या जातीने मला याची दुसरी बाजू शिकवली. जपानमधील संशोधकांकडे टाचा उचलून चालणारे उंदीर होते, त्यांचे सांधे आणि कण्याचे अस्थिबंध लहान वयातच हाड होत असत. त्यांच्यातला दोष कोणत्या जनुकात आहे हे १९९८ मध्ये कळले. पायरोफॉस्फेट नावाचे, खनिजाचे खडे जमू न देणारे द्रव्य तयार करण्याच्या कामात ते जनुक असते. ते बिघडले की राखण संपते आणि मऊ ऊती कठीण होऊ लागतात. माझ्या आजाराचे कारण हेच आहे, असे यावरून म्हणता येत नाही. पण मऊ भाग मऊ असतो तो आपोआप, अशी माझी आजवरची समजूत होती, ती मात्र त्या उंदरांनी मोडली. मऊ राहण्यासाठी शरीराला क्षणोक्षणी काहीतरी करावे लागते.

निदान झाल्यावरची पहिली दोन वर्षे मी या आजाराला गंभीरपणे घेतले नाही, हे कबूल केले पाहिजे. औषध असे नव्हतेच. साचलेले हाड विरघळवणारे किंवा त्याची वाढ हमखास रोखणारे औषध आजही नाही. वजन आणि साखर आटोक्यात ठेवा, चाला, शेक घ्या, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम रोज करा, दुखले तर वेदनाशामक घ्या, एवढीच चिठ्ठी होती. मी व्यायाम करत होतो, सकाळची आखड कमी झाली होती, आणि ताठ पाठीचे मला खरे सांगायचे तर थोडे कौतुकही वाटू लागले होते. आपली भाषाच तशी आहे. कणा असलेला माणूस, ताठ कण्याचा माणूस, ताठ मानेने जगलेला माणूस हे सगळे गौरवाचे शब्द, आणि मान तुकवणारा, कण्याविना जगणारा, वाकलेला हे सगळे हिणवण्याचे. 'मोडेन पण वाकणार नाही' हा बाणा तर आपण लहानपणापासून ऐकत आलो. मित्रांत मी गमतीने म्हणतही असे की मला आता हा बाणा शारीरिक पुराव्यानिशी सिद्ध करता येईल.

तो पुरावा मला अशा रीतीने द्यावा लागेल असे मात्र वाटले नव्हते. वयाच्या ६३व्या वर्षी, पुस्तकांची फळी पुसण्यासाठी मी हातभर उंचीच्या स्टुलावर चढलो होतो आणि उतरताना पाय चुकून मागे, पाठीवर पडलो. उठलो. चाललो. दुखत होते, पण पडल्यावर दुखायचेच. खबरदारी म्हणून जवळच्या रुग्णालयात एक्स-रे काढला, तो ठीक असल्याचे सांगण्यात आले आणि आम्ही वेदनाशामक गोळ्या घेऊन परतलो. पुढच्या चार दिवसांत एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. मला बसलेले बरे वाटत होते, चाललेले चालत होते, परंतु उताणे पडले की पाठीत मधोमध काहीतरी उघडल्यासारखे होऊन जीव कळवळत होता. एरवी पाठदुखीला आडवे पडल्यावर आराम मिळतो. माझे उलट होते. पाचव्या दिवशी मूळच्या डॉक्टरांना दूरध्वनी केला. मी उताणे पडण्याबद्दल सांगताच त्यांनी माझे बोलणे मध्येच तोडले आणि वाकू नका, कुठेही स्वतः जाऊ नका, रुग्णवाहिका बोलवा आणि थेट सीटी स्कॅनला या, असे सांगितले.

छातीमागचा दहावा मणका आडवा चिरला होता. ओघळलेले मेण, त्यामागचा मणका, त्याच्या मागची कमान, सगळे एका रेषेत आरपार तडकले होते. शल्यविशारदांनी मला जे समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगतो. निरोगी कणा हा साखळीसारखा असतो. माणूस पडला की धक्का पुष्कळ कड्यांत वाटला जातो, प्रत्येक कडी थोडी सरकते आणि निभावून नेते. सांधून एकसंध झालेला कणा मात्र मांडीच्या लांब हाडासारखा वागतो, किंवा वाळक्या बांबूसारखा म्हणा. धक्का वाटून घ्यायला कुणी नसल्यामुळे तो एकाच जागी एकवटतो, आणि तुटते तेव्हा आरपार तुटते. पुढचे-मागचे सगळे आधार एकदम गेल्यामुळे दोन्ही तुकडे सुटे होतात. वरचा लांब दांडा आणि खालचा लांब दांडा यांच्यामधला तो तडा प्रत्येक हालचालीत उघडझाप करतो, आणि त्याच्या मागे बोटभर जाडीचा मज्जारज्जू असतो. मी उताणा पडलो की तडा पुढून उघडत होता. बसलो की मिटत होता. चार रात्री मी त्या दाराची कडी वाजवत होतो आणि पायांतली शक्ती गेली नाही, याला वैद्यकीय भाषेत काय म्हणतात ते मला माहीत नाही, माझ्या भाषेत नशीब म्हणतात.

पहिल्या एक्स-रेवर तो तडा का दिसला नाही, याचा राग मला काही दिवस आला. पुढे राग निवळला. इतक्या ओबडधोबड, जागोजागी फुगलेल्या हाडात एखादी केसासारखी रेघ साध्या चित्रावर हरवणे अवघड नाही. अशा रुग्णांत अस्थिभंग उशिरा कळणे ही जगभरची जुनी अडचण आहे. म्हणूनच कणा सांधलेला माणूस साधा धडपडला तरी, वेदना नगण्य असली तरी, सीटी स्कॅन होईपर्यंत त्याचा मणका मोडला आहे असेच धरून चालावे, असे तज्ज्ञ सांगतात. मात्र त्या रुग्णालयात कुणी मला "तुमचा कणा सांधलेला आहे का?" असे विचारले नव्हते, आणि विचारले नाही म्हणून मीही सांगितले नव्हते. मला वाटले होते, फिल्मवर दिसेलच.

शस्त्रक्रियेत तड्याच्या वर तीन आणि खाली तीन मणक्यांत स्क्रू बसवून ते दोन सळ्यांनी जोडले. ज्या कण्याचे मुख्य दुखणे जोडले जाणे हे होते, त्यावरचा इलाजही जोडणे हाच निघाला. आणि गंमत अशी की हाड बनवण्याची जी हौस माझ्या शरीराला नको तिथे आहे, तीच आता उपयोगी पडली. तडा चांगला भरून आला.

शस्त्रक्रियेपेक्षा अवघड ठरले ते भूल देणे. भूलतज्ज्ञ बाईंनी आदल्या संध्याकाळी येऊन मला मान मागे न्यायला सांगितले आणि ती जिथे थांबली ते पाहून त्या गप्प झाल्या. श्वासनलिकेत नळी घालताना मान मागे झुकवावी लागते, माझी झुकत नव्हती. शिवाय मानेच्या मणक्यांवरचे हाड पुढे, घशाच्या मागच्या भिंतीत शिरलेले होते. "गिळताना अडकते का हो काही?" त्यांनी विचारले. मोठ्या गोळ्या मी वर्षभर तोडून घेत होतो आणि त्यामागेही माझे एक स्वतंत्र, पटण्याजोगे कारण होते. मानेत हे हाड फार वाढले तर ते अन्ननलिकेला ढकलते, घास अडकतो, आवाज घोगरा होतो, क्वचित श्वासालाही अडथळा येतो. काहींना ते हाड तासून काढावे लागते, आणि तासले तरी वर्षांनी ते पुन्हा डोके वर काढू शकते. बाईंनी मला जागेपणी, घसा बधिर करून, कॅमेऱ्याची बारीक लवचिक नळी वापरून नळी घातली. तो अनुभव सुखद नव्हता. पण "आता खोकू नका, आता श्वास घ्या, झालेच आहे" असे म्हणत राहिलेला त्यांचा आवाज मला आजही ऐकू येतो.

रुग्णालयातल्या खोलीत माझ्या शेजारच्या खाटेवर एक गृहस्थ होते. त्यांच्या कण्यातही अस्थिबंधाचेच हाड झाले होते, पण मागच्या पट्ट्याचे, नळीच्या आतले. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांनी त्याला ओपीएलएल म्हणतात. डिशच्या रुग्णांत हा आजारही जोडीने असू शकतो. जपानमध्ये तो विशेष आढळतो, साधारण दोन ते चार टक्के लोकांच्या मानेत तो दिसतो आणि तिथल्या शासनाने दुर्धर आजारांच्या यादीत त्याला स्थान दिले आहे. मानेच्या नळीची रुंदी मुळातच दीड-दोन सेंटिमीटरच्या आत-बाहेर, त्यात काही मिलिमीटर हाड आले की मज्जारज्जू चेपला जातो. त्या गृहस्थांना सदऱ्याची बटणे लावता येईनाशी झाली होती, सही बदलली म्हणून बँकेने कागद परत पाठवला होता, आणि अंधारात चालताना पाय कापसावर पडल्यासारखे वाटत होते. त्यांच्या मणक्यांच्या मागच्या कमानी दरवाजासारख्या एका बाजूने उघडून नळी रुंद करण्यात आली होती. ही रीतही मुख्यतः जपानी शल्यविशारदांनीच विकसित केली. माझे हाड अंगणात वाढले आणि त्यांचे घरात; फरक एवढाच, दोन-तीन सेंटिमीटरांचा. ते रोज सकाळी एक बटण लावून दाखवत आणि मी टाळ्या वाजवत असे.

आता या गोष्टीला दीड वर्ष झाले. मी पूर्वीपेक्षा सावकाश आणि अधिक अख्खा वळतो. स्टूल घरातून गेले आहे, न्हाणीघरात धरायला दांडे आले आहेत, फिजिओथेरपिस्टने दिलेले श्वासाचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम चालू आहेत. छातीचा पिंजरा कण्याशी जोडलेला असल्याने कणा ताठला की श्वासही आखूड होतो, हे मला तिने सांगेपर्यंत ठाऊक नव्हते. वजन नऊ किलोंनी उतरले आहे. त्याने हाडाची वाढ थांबेल की नाही, हे पुढची फिल्म सांगेल.

आणि मी एक कार्ड करून घेतले आहे. ते सदऱ्याच्या खिशात असते, दुसरी प्रत गाडीत. त्यावर लिहिले आहे: 'माझा कणा मानेपासून कमरेपर्यंत सांधलेला आहे. मी पडलेला आढळलो तर मणका मोडला आहे असे समजावे. मान आणि पाठ जबरदस्तीने सरळ करू नये, ज्या बाकात आहेत त्याच बाकात उशांनी आधार देऊन हलवावे. साध्या एक्स-रेवर विसंबू नये, सीटी स्कॅन करावे. भूल देताना मान मागे जात नाही.' मजकूर डॉक्टरांकडून तपासून घेतला, छापायला टाकण्याआधी पत्नीला वाचायला दिला. तिने तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "सगळे बरोबर आहे. फक्त कपाटावर लिहितात तसे, हलवायला चार माणसे लागतील, तेवढे लिहायचे राहिले आहे."

मी पेन मागितले आणि लिहिले.